यंत्रानं लिहिलेलं कोण वाचतं

दोन्ही फायली सारख्या यायला हव्या होत्या. त्या आल्या नाहीत. झालं ते एवढंच. कुठं काही पडलं नाही, कुणी ओरडलं नाही. एमआयडीसीकडं जाणारा टेम्पो घरासमोरून गेला आणि त्याच्या हादऱ्यानं मांडणीवरच्या वाट्या किणकिणल्या, पण त्या रोजच किणकिणतात. तरीही करुणा खुर्ची पुढं ओढून बसली. तिनं चहाचा कप खाली ठेवला, जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर लाल झालेल्या ओळी पुन्हा एकदा वरून खालपर्यंत पाहिल्या आणि मनाशी म्हणाली, माझंच काहीतरी चुकलं असणार. असं म्हणायची तिला सवय होती. बाईमाणसाला ती सवय लावावी लागत नाही, शिक्षण कितीही झालं तरी ती आपोआप लागते. तिनं सगळं पुसून तेच काम पुन्हा चालवलं. पंखा घरघरला, यंत्र विचारात पडल्यासारखं थांबलं आणि त्याच ओळी त्याच जागी पुन्हा लाल झाल्या.

खरं तर आज हे काम करायचं काही अडलं नव्हतं. संध्याकाळी 'पाग'ची नवी आवृत्ती जगभर जायची होती आणि तिनं फक्त हो म्हणायचं बाकी होतं. पण सकाळी घरात जे घडलं होतं त्यानं तिचे हात नुसते बसायला तयार नव्हते. आठ महिने आई बोलली नव्हती. अर्धांगाचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला आणि हाताबरोबर वाचाही गेली. पुण्याची नोकरी सोडून करुणा रत्नागिरीला परत आली, मिरजोळ्यात हे तळमजल्याचं घर भाड्यानं घेतलं, आईबाबांना गावाहून आणलं. रोज सकाळी व्यायाम शिकवणारी बाई व्हिडिओवरून आईकडून जीभ हलवून घ्यायची, ओठ मिटवून घ्यायची. त्यासाठी करुणाचा नवा लॅपटॉप आईच्या खाटेशेजारी स्टुलावर ठेवलेला असायचा. आजही तसंच झालं. बाई निरोप घेऊन गेली, बाबा आईचं तोंड पुसत होते आणि आई एकदम म्हणाली, "कालवं."

बाबांनी आधी आपलाच कान पुसला. मग ते असे ओरडले की करुणा पोळी तव्यावर टाकून धावत आली. "बोलली! अगो, बोलली! कालवं पायजेत म्हनते!" आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस, फळ्यावर कधी एक काना चुकला नाही, पण आनंदात त्यांची भाषा थेट गावच्या पाणंदीत जाऊन उभी राहिली. आई डोळ्यांनी हसत होती. आठ महिने गप्प बसून बाईनं पहिला शब्द उच्चारला तो ना नवऱ्याचा, ना मुलीचा, ना बुद्धवंदनेतला. तिला खाडीतल्या खडकांवरची, शिंपल्यांतली कालवं हवी होती. बाबांनी शर्ट घातला, स्कूटर काढली आणि ते खाडीकाठच्या भाट्याला निघून गेले. आईला लगेच झोप लागली. बोलण्याचेच कष्ट झाले असावेत. लॅपटॉप आणायला आत गेलं तर ती जागी होईल, म्हणून करुणानं कपाटातला पुण्याचा जुना, एक कळ तुटलेला लॅपटॉप काढला आणि हातांना चाळा म्हणून त्यावर नवा पार्सर जनरेटर मुळापासून चालवून बघितला. आनंदापायी केलेली उठाठेव होती ती.

आता हा पार्सर जनरेटर म्हणजे काय, हे बाबांनी तिला अनेकदा विचारलं होतं आणि तिनंही अनेकदा सांगितलं होतं. पाग म्हणजे खाडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फेकतात ते गोल जाळं. तिच्या प्रोग्रामचं नाव तिनं त्यावरूनच ठेवलं होतं, कारण तो नेटवर्कमधून येणारी-जाणारी माहिती पकडून समोर मांडायचा. फुकट आणि उघडा. कुणीही वाचावा, कुणीही दुरुस्त करावा. कॉलेजं तो वापरत, दवाखाने वापरत, तिनं नावही न ऐकलेल्या शहरांतल्या कचेऱ्या वापरत. त्या जाळ्याला तुम्ही सांगायचं की मला अमुकच मासा दाखव. हे सांगणं एका छोट्या भाषेत असतं आणि ती भाषा वाचतो तो पार्सर. करुणानं तो फार पूर्वी स्वतःच्या हातानं लिहिला होता. ठिगळं लावून लावून आता त्याची गोधडी झाली होती. म्हणून ठरलं की यापुढं तो हातानं लिहायचा नाही. भाषेचे नियम तेवढे आपण लिहायचे, यंत्राला द्यायचे आणि यंत्रानं वाचणारा प्रोग्राम लिहून काढायचा. ते यंत्र म्हणजे पार्सर जनरेटर. "म्हनजे गाइड लिहिणारा माणूस मिळाला, आता मास्तरानं नुस्ता अभ्यासक्रम द्यायचा," बाबा म्हणाले होते. "पन गाइडात काय लिहिलंन हे मास्तर वाचतो ना गो?" ती हसली होती. वाचत नाही बाबा, कुणीच वाचत नाही.

तेच तिला आत्ता आठवलं. यंत्रानं लिहिलेली ती फाइल हजारो ओळींची असते. नुसते आकडे, तक्ते आणि एका ओळीवरून भलत्याच ओळीवर मारलेल्या उड्या. माणसानं वाचावी अशी ती नसतेच. ज्यांच्याकडं जनरेटर नाही त्यांची अडचण नको म्हणून ती तयार करून सोबत द्यायची रीत आहे. नियमांच्या दहा ओळी बदलल्या तर त्यांवर महिनाभर वाद घालणारी माणसं या फाइलवरून मात्र बोट फिरवून पुढं जातात, यंत्रानं लिहिलंय म्हणून. हापूसची पेटी उघडून वरचा थर हुंगायचा, वा म्हणायचं आणि खालच्या थरात कर्नाटकचा आंबा आहे की काय हे बघायचंच नाही, तशातली गत. मिलाननं, पागच्या कामातल्या तिच्या साथीदारानं, पाठवलेली तयार फाइल आणि तिनं आत्ता स्वतः काढलेली फाइल यांचे नियम एक, जनरेटर एक, आवृत्ती एक. फरक पडायला जागाच नव्हती. तरी मिलानच्या फाइलमध्ये, तक्त्यांच्या रानात, एक तुकडा जास्त होता. तिनं तो वाचायला घेतला. सगळा समजला नाही. समजला तेवढा पुरे होता. विशिष्ट तऱ्हेची माहिती जाळ्यात आली की तो तुकडा जागा होत होता, तिच्यात दडवलेला हुकूम उचलत होता, पाळत होता आणि मागं काही खूण ठेवत नव्हता. आणि 'पाग' चालवायचा तर त्याला संगणकावरचे सगळे हक्क द्यावे लागतात, नाहीतर तो पकडणार काय? म्हणजे जिथं जिथं पाग जाईल, तिथं तिथं घराची मागची कडी काढलेली.

तिला भीती वाटली. साधी, लहानपणची भीती, संडासला जाताना पायवाटेवर काहीतरी सळसळलं की वाटायची तशी. ती उठून दाराला कडी लावून आली आणि मग तिचं तिलाच हसू आलं, कारण हे दारातून यायचं नव्हतं. मिलान तसा नाही, ती स्वतःला सांगू लागली. दोन वर्षं झाली त्याला. पहिल्यांदा आला तो सूचनांमधल्या शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त करायला. मग छोट्या छोट्या दुरुस्त्या, मग मोठ्या. कधी आवाज चढला नाही, कधी घाई केली नाही. लोक फुकटची वस्तू वापरून वर तिला शिव्या घालत, तेव्हा तो मध्ये पडून शांतपणे उत्तरं देई. कुठल्याशा थंड देशातला, एवढंच तिला माहीत. चेहरा पाहिला नाही, आवाज ऐकला नाही, पण या कामात निम्म्या लोकांचं तसंच असतं आणि विचारणं असभ्य मानतात. आईचं झालं तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर बसून होती आणि तिकडं पागमध्ये बिघाडाची आग लागलेली होती. त्यानं लिहिलं, तू आईजवळ बस, मी बघतो. आयुष्यात 'मी बघतो' म्हणणारी माणसं तिला फार भेटली नव्हती. त्या बाकावर ती रडली होती. नंतर तिनं त्याला किल्ल्या दिल्या, म्हणजे नवी आवृत्ती बाहेर पाठवायचे हक्क. नवा जनरेटरही त्यानंच शोधून आणला. दुसरा एक होता, जुना, संथ, चूक झाली की कोड्यात बोलणारा, पण वर्षानुवर्षं लाखोंनी वापरलेला. तीन महिने चर्चा चालली. करुणाचा कल जुन्याकडं होता. मिलाननं एकदाही तिला खोडून काढलं नाही. फक्त प्रत्येक वेळी नव्याच्या वेगाचा एक तक्ता जोडायचा आणि शेवटी आईची चौकशी करायचा. माणूस चांगला म्हणून त्याचं यंत्र चांगलं, हा हिशेब तिनं कधी मांडला हे तिला कळलंसुद्धा नव्हतं.

आणि तिला महिपत आठवला. का आठवला म्हणून ती दचकली, पण आठवण एकदा आत आली की तिला कोण बाहेर काढणार? गावी त्यांच्या एवढ्याशा कातळाच्या तुकड्याला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, होता आणि पावसाळा झाला की तो ठिकठिकाणी ढासळायचा. बाबा नोकरीमुळं लांज्याला. शेजारचा महिपत दरवर्षी न सांगता येऊन गडगा रचून द्यायचा. पैसे घ्यायचा नाही. घामानं निथळत ओटीवर बसायचा, गूळपाणी घ्यायचा, करुणाला बोरं द्यायचा, पोरी किती शिकतेस गो म्हणून कौतुक करायचा. त्या काळात त्यांच्या वाडीत येऊन पाणी पिणाराही विरळा, त्यामुळं आईबाबांना तो देवमाणूस वाटायचा. देव न मानणाऱ्या घरात देवमाणूस, असं बाबा चेष्टेनं म्हणायचेही. मग एका वैशाखात आई काजू वेचायला गेली आणि परत येऊन ओटीवर मटकन बसली. कोपऱ्यातलं काजूचं कलम पूर्वी गडग्याच्या आत होतं, ते आता बाहेर होतं. झाड काही चालत गेलं नव्हतं. दरवर्षी हातभर, हातभर. बाबा म्हणाले, मोजायचं सुचलंच नाही, फुकट बांधून देणाऱ्याच्या मागं टेप घेऊन कोण फिरणार? तेव्हा आई जे म्हणाली ते करुणाच्या कानात होतं, आईच्या धडधाकट आवाजासकट. "फुकट बांधतो त्याचो हात नको बघूस, दगड खंय ठेवलान तो बघ." काजू गेला याचं करुणाला तेव्हा फारसं वाटलं नव्हतं. बोरांचं वाटलं होतं. ती बोरं खरी होती की नाही, हे तिला बरेच दिवस कळत नव्हतं.

आतल्या खोलीतून आईच्या घोरण्याचा बारीक आवाज येत होता. करुणानं घड्याळाकडं पाहिलं. संध्याकाळपर्यंत वेळ होता. कुणाला सांगावं? सांगितलं आणि खोटं निघालं तर? दोन वर्षं राबलेल्या माणसावर जगासमोर चोरीचा आळ, आणि तोही घरबसल्या पोळ्या लाटत काम करणाऱ्या बाईनं घेतलेला. लोक म्हणतील डोकं फिरलं, आईच्या आजारपणानं. आणि नाही सांगितलं आणि खरं निघालं तर? तिच्या डोळ्यांसमोर कुठला तरी दवाखाना आला, तिनं न पाहिलेला, त्यातली यंत्रं आणि त्यांना जोडलेली कुणाची तरी आई.  ओढणीला हात पुसून तिनं जुन्या लॅपटॉपवरूनच मिलानला लिहिलं. अगदी सहज लिहिल्यासारखं, चार वेळा पुसून: मी फाइल पुन्हा काढून बघितली, तुझ्या फाइलशी जुळत नाही, एक तुकडा जास्त दिसतो, काय असेल?

उत्तर लगेच यायला लागलं. तो लिहितो आहे, थांबला, पुन्हा लिहितो आहे, असं पडद्यावर दिसत होतं. करुणाला तहान लागली होती, पण ती उठली नाही. कृपा कर आणि काहीतरी साधं कारण सांग, ती मनात विनवत होती. सांग की तुझ्याकडं जनरेटरची कच्ची आवृत्ती होती. मी विश्वास ठेवीन. मला विश्वास ठेवायचाच आहे. तिला कळत होतं की तिला पागपेक्षाही हा माणूस वाचायला हवा आहे, आणि त्याचीही तिला भीती वाटली.

मग त्याचं इंग्रजी आलं, नेहमीसारखं साधं, छोट्या वाक्यांचं. "चांगलं केलंस बघितलंस. माझ्याकडची आवृत्ती थोडी पुढची होती, त्याचाच फरक असणार. आत्ता बदललं तर सगळ्यांचा दिवस वाया जाईल. पुढच्या वेळी नीट करू. तू नको काळजी करूस, मी बघतो."

करुणानं रोखून धरलेला श्वास सोडला. असणारच. पुढची आवृत्ती. तिचे खांदे सैल झाले, डोळ्यांत पाणी आलं, तिनं स्वतःला दोन शिव्या दिल्या, महिपतालाही एक दिली, आणि बरं म्हणून लिहायला तिनं बोटं कळांवर ठेवली. तेवढ्यात त्याची आणखी एक ओळ आली.

"आज तर तुमच्याकडं आनंदाचा दिवस. आईला कालवं मिळाली का?"

इंग्रजीत कालवांना जो शब्द आहे तोच. तिनं तो वाचला आणि तिला पहिल्यांदा बरंच वाटलं. या माणसाला किती लक्षात राहतं, असं वाटलं. मग तिची बोटं कळांवरून उठली. मी याला कधी सांगितलं? तिनं चॅटमध्ये वर जाऊन पाहिलं. आज तिनं त्याला फाइलबद्दलची ती एक ओळ लिहिली होती, दुसरं काही नाही. बाबा भाट्याला गेले होते आणि त्यांना फोनवर दोन बोटांनी नंबरसुद्धा धड लावता येत नाही. शेजारी बोलायला कुणी भेटलं नव्हतं. तो शब्द फक्त या घराच्या आतल्या खोलीत उच्चारला गेला होता. ऐकणारे दोघं, बोलणारी एक आणि खाटेशेजारी स्टुलावर नवा लॅपटॉप, ज्याच्यावर नव्या आवृत्तीची चाचणी म्हणून महिनाभर मिलानच्या फाइलीचा 'पाग' चालू होता. सगळे हक्क देऊन. आई मराठीत म्हणाली होती. म्हणजे कुणीतरी तो शब्द ऐकला, त्याचा अर्थ लावून घेतला, तो भाषांतरून ठेवला. महिनाभर कुणीतरी या घरात बसून होतं. आईचं ओ-ओ करणं, बाबांचं तिला पुसणं, करुणाचं मोरीत जाऊन रडणं, सगळं. आणि आता त्यानं हे का लिहिलं? मायेची सवय झाली होती म्हणून तोंडातून निसटलं, की मुद्दाम लिहिलं, हो म्हण नाहीतर मी इथंच आहे हे कळावं म्हणून? यांतलं कुठलं जास्त भयंकर, हे तिला ठरवता येईना.

धावत आत जावं, तो लॅपटॉप उचलून अंगणात आपटावा, असं तिच्या मनात आलं. ती अर्धी उठली आणि पुन्हा बसली. तो आपटला की त्याला कळणार, आणि किल्ल्या अजून त्याच्याकडं होत्या. आई अजून झोपली होती. झोपलेल्या आईपासून त्याला काय मिळणार, असं स्वतःला समजावत, दातांवर दात दाबून, तिनं आधी त्याला लिहिलं, "हो, मिळतील." मग दुसरी खिडकी उघडली. मिलानचं नाव शोधलं. किल्ल्या काढून घेतल्या, एक, मग दुसरी. तुटलेल्या कळीशी तिचं बोट अडखळत होतं. संध्याकाळची आवृत्ती रद्द केली. आणि सगळ्यांना दिसेल अशा जागी तिनं लिहिलं की नवा जनरेटर घ्यायचा नाही, जुनाच घ्यायचा, मिलानच्या हातची तयार फाइल कुणी चालवली असेल तर यंत्र नेटवर्कवरून काढा, पुरावा जोडला आहे, यात चूक निघाली तर ती माझी. लोक काय म्हणतील याचा विचार यायच्या आत तिनं कळ दाबली. चॅटमध्ये तो लिहितो आहे असं दिसलं. मग थांबला. मग त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला. दोन वर्षांत तो निरोप न घेता कधी गेला नव्हता.

फाटकाशी स्कूटर थांबली. "करुणा! अगो मिळाली!" बाबांचा आवाज अख्ख्या आळीला ऐकू जाईल असा होता. "कोनाकडं नव्हती, त्या हौसा मासेवालीच्या टोपलीत तळाला होती बघ! शालन उठली काय? बोलली काय आनखी?" करुणा ओठांवर बोट ठेवून दारात गेली. बाबा तिच्या तोंडाकडं बघत राहिले. पिशवीतून पाणी ठिबकत होतं. "काय झालं गो?" त्यांनी कुजबुजत विचारलं. ती वळली आणि अनवाणी आतल्या खोलीत शिरली. स्टुलावर लॅपटॉप उघडाच होता. पडदा काळा, पण बाजूचा बारीक दिवा श्वास घेतल्यासारखा कमी-जास्त होत होता. नेटवर्क घरातच होतं, तारा भिंतीत होत्या, तो गेला होता की नुसता गप्प बसला होता, कोण सांगणार? तिनं झाकणाला हात घातला.

बाबांच्या हाकेनं आई जागी झाली होती. तिनं मान वळवली, करुणाकडं पाहिलं, तिचा चेहरा आतून उजेड लावल्यासारखा झाला. सकाळी जमलं होतं ते पुन्हा जमतंय का, म्हणून तिनं ओठ जुळवले, घशाच्या शिरा ताणल्या. "क," ती म्हणाली. "क...रु..."

आठ महिने करुणानं या एका हाकेची वाट पाहिली होती. आणि तिनं झटकन वाकून आईच्या तोंडावर हात ठेवला. चांगला दाबून. आईचे ओठ तिच्या तळव्याखाली हलत होते, गरम, उरलेलं अक्षर शोधत. करुणानं मान हलवून नको, नको म्हटलं. आईचे डोळे आधी गोंधळले. मग त्यांत भीती आली. ओठ हलायचे थांबले.

दुसऱ्या हातानं करुणानं लॅपटॉप उचलला, मागच्या दारानं नेला आणि धुणं भिजत घातलेल्या बादलीत बुडवला. बुडबुडे येईपर्यंत धरून ठेवला. बाबा दारात उभे राहून बघत होते.  ओल्या हातांनीच ती परत आली, खाटेच्या कडेला बसली, आईचा निकामी हात मांडीवर घेतला. "आता बोल आई," ती म्हणाली. "आता कुणी नाही. हाक मार ना मला. पुन्हा मार." तिनं ओल्या बोटांनी आईची बोटं चोळली. "कालवं आणलीत बाबांनी. बोल ना गो."

आईनं तिच्याकडं पाहिलं, मग स्टुलावरच्या रिकाम्या जागेकडं, मग पुन्हा तिच्याकडं. तोंड तिनं घट्ट मिटून घेतलं होतं.